रस्ता ओला, अडथळा नाही

दुसऱ्यांना संकटातून सोडवायची नोकरी करणाऱ्या बाईनं स्वतःच लिफ्टमध्ये अडकावं, यासारखी फजिती नाही. त्यात हातात कलिंगड!

त्या दिवशी मला सुट्टी होती. आईनं बाजारात पिटाळलं होतं आणि मी हे एवढं मोठं कलिंगड पोटाशी धरून घरी येत होते. तिसरा मजला गेला आणि चौथा काही येईना. लिफ्टनं एक आचका दिला आणि गप्प उभी राहिली. पंखाही बंद. लिफ्ट दुरुस्तीवाल्यांचा फोन वाजून वाजून थकला, कुणी उचलेल तर शपथ. शेवटी मनाचा हिय्या केला आणि आणीबाणीचा नंबर फिरवला. म्हणजे माझ्याच ऑफिसचा.

"आणीबाणी सेवा. कुठून बोलताय?"

अरे देवा! आवाज माझ्या शेजारणीचा. घरची शेजारीण नव्हे, कामावरची. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून आहे, म्हणून ती शेजारीण.

"माझ्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून," मी पुटपुटले.

पलीकडून दबक्या आवाजात, "तू?"

"नेहमीचे प्रश्न विचार गं बाई. सगळं रेकॉर्ड होतंय."

"आपण... आपण एकट्या आहात का?" हसू दाबताना तिचा आवाज चिरकायला लागला होता.

"एकटी. सोबत एक कलिंगड."

मग काय, ठो ठो हसली. पण हसता हसता गाडी पाठवली, हे मात्र खरं. थोड्या वेळानं जिन्यावर बुटांचा धडधड आवाज आला, डोक्याच्या वर कुठेतरी दाराला किल्ली लागली आणि उजेडाची एक पट्टी आत आली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध लटकली होती, त्यामुळे मला पहिल्यांदा दिसले ते दोन काळे बूट.

"आत किती माणसं?"

"एक."

"कुणाला इजा?"

"अजून तरी नाही. पण बाहेर काढायला उशीर केलात तर सांगता येत नाही."

बूट थबकले. मग त्या बुटांचा मालक चक्क जमिनीवर पालथा झोपला आणि फटीतून आत डोकावला. हेल्मेटखाली घामेजलेलं कपाळ, आणि डोळे असे, की आत्ता काहीतरी खोडी काढतील.

"हा आवाज..." तो म्हणाला. "कंट्रोल?"

माझ्या हातातलं कलिंगड घसरलंच जवळजवळ. कारण तो आवाजही मला पाठ होता. रोज कानात वाजणारा.

"सात नंबर?"

आता इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही काय बडबडतेय. आमच्याकडे आजूबाजूच्या पाच गावांचं मिळून एकच केंद्र आहे. पूर्वी प्रत्येक गावाचा वेगळा नंबर, वेगळं टेबल, वेगळा फोनवाला. मग सगळ्यांनी एकत्र येऊन एक मोठी खोली थाटली. पुढच्या रांगेत बसणाऱ्या फोन ऐकतात. मागच्या रांगेत बसणाऱ्या गाड्या पाठवतात, ॲम्ब्युलन्स असो की आगीचा बंब. मागच्या रांगेत दोन चॅनेल, उत्तर आणि दक्षिण. मी मागच्या रांगेत, उत्तरेच्या चॅनेलवर. शेजारीण दक्षिणेच्या; लिफ्टच्या दिवशी पुढे माणूस कमी होतं, म्हणून ती फोन घेत होती. ही खुर्ची मिळावी म्हणून मी किती परीक्षा दिल्या आणि किती वर्षं फोन ऐकले, ते माझं मला माहीत.

आणि सात नंबर म्हणजे उत्तरेच्या अग्निशमन केंद्रातली गाडी. तिचा प्रमुख म्हणजे हा. आमचं रोज भांडण. नियम असा आहे, की आम्ही पाठवलेला निरोप गाडीनं जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. पत्ता, घटना, सगळं. नुसतं कळलं म्हणून भागत नाही, कारण कळलं म्हणणाऱ्याला काय कळलंय, हे देवालाच ठाऊक! पण हा पठ्ठ्या काय म्हणायचा? "हो हो."

"सात नंबर, ‘हो हो’ हा जबाब नाही. परत म्हणून दाखवा."

"अहो कंट्रोल, ऐकलं ना मी."

"ऐकलंत ते मला ऐकू द्या."

वर्षभर हे असं चाललेलं. तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं एकमेकांचं. आणि आता तो पालथा पडून माझ्याकडे बघत होता, आणि मी घामाघूम, केस विस्कटलेले, कडेवर कलिंगड.

"आधी ते द्या इकडे," तो म्हणाला.

"का? नियमाप्रमाणे माणूस आधी."

"नियमाप्रमाणे ज्याला जास्त धोका, तो आधी. ते घसरतंय तुमच्या हातातून."

मी मुकाट्यानं कलिंगड वर दिलं. मग त्यानं हात पुढे केला. एका झटक्यात मी वर... आणि एक क्षण हात तसाच राहिला. दोघांच्याही लक्षात नाही आलं. निदान माझ्या तरी नाही. त्याचं काय ते त्यालाच विचारा.

त्याच्या मागे शिडी घेऊन एक पिकल्या मिशांचे गृहस्थ उभे होते. सगळे त्यांना शिडीकाका म्हणतात. ते खाकरले. "साहेब, बाई सुटल्या. आता हातही सोडला तरी चालेल."

कलिंगड घरापर्यंत त्यानंच उचललं. जिना चढताना सहज म्हणाला, "काल पाऊस काय झोडपत होता, नाही?"

"काल पाऊस होता?"

तो थांबला. "तुम्ही कुठल्या गावात राहता?"

"आमच्या खोलीला खिडकी नाही," मी म्हटलं. "पडद्यावरचे नकाशे नीट दिसावेत म्हणून. सकाळी आत गेलं की संध्याकाळी बाहेर. मध्ये ऊन पडो की आभाळ कोसळो, आम्हाला पत्ता नाही."

"म्हणजे अख्ख्या पाच गावांत काय चाललंय ते तुम्हाला कळतं, आणि डोक्यावर काय चाललंय ते नाही?"

"नाही."

"हो हो," तो म्हणाला. आणि मग माझ्या भुवया बघून घाईघाईनं, "म्हणजे... खोलीला खिडकी नाही. बाहेरचं हवामान कळत नाही. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर प्रत्येकीच्या पडद्यावर कलिंगडाचं चित्र चिकटवलेलं. शेजारणीची करामत! मी लाल होऊन खुर्चीत बसले. पहिलाच निरोप: बाजारामागे झाड पडलंय. सात नंबरला पाठवलं.

"सात नंबर. बाजारामागे झाड पडलं, रस्ता अडला. निघालो." अगदी जसंच्या तसं. आणि पुढे, "रस्ता ओला, अडथळा नाही."

मी पडद्यावरून मान वर केली. रस्त्याची स्थिती सांगणं हे निरोपात बसतं. सांगावी असंच पुस्तकात आहे, सांगत कुणी नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या खोलीच्या प्रमुखांनी, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सात नंबर सुधारला म्हणायचा," त्या म्हणाल्या.

असा तो सुधारत गेला. "रस्ता कोरडा, ऊन तिरपं, समोरून डोळ्यांवर." "रस्त्यावर धुकं, पुलाचं दुसरं टोक दिसत नाही." "रस्त्यावर पिवळी फुलं पडलीत, चाकं घसरत नाहीत." सगळं नियमात. एका शब्दाला कुणी बोट लावू शकलं असतं तर सांगा! त्या बंद खोलीत मला एक खिडकी मिळाली, आणि ती फक्त माझ्या कानात उघडायची.

घरी आई म्हणायची, "हल्ली स्वतःशीच हसतेस."

"काहीतरीच काय!"

"मी तुझी आई आहे. कुणी रडत घरी आलं तरी तू आधी ‘कुठून आलात’ विचारणारी. ती तू आता भाजी जाळतेस. कोण आहे तो?"

"कुणी नाही गं."

"बरं. त्या ‘कुणी नाही’ला एकदा जेवायला बोलाव."

मग आला कानांचा दिवस. हे आमच्या केंद्राचं एक खूळ आहे, पण चांगलं खूळ. गाडीवरच्या प्रत्येकानं वर्षातून एक दिवस आमच्या खोलीत येऊन बसायचं. कानाला हेडफोन मिळतो, बोलायला माइक मिळत नाही. आम्हाला काय काय ऐकावं लागतं ते नुसतं ऐकायचं. अळीमिळी गुपचिळी. आणि सात नंबरचा दिवस ठरला तो नेमका मी पुढच्या रांगेत असताना. फोन घेणारी एक मुलगी रजेवर होती, म्हणून मोठ्या बाईंनी मला तिथे बसवलं आणि त्याला माझ्या शेजारी. आता हा योगायोग की बाईंचा कावा, हे मला अजून कळलेलं नाही.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. दाढी नीट केलेली. हेल्मेट नसलं की त्याचे केस एका बाजूला उभेच राहतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"कुठे बसू?"

"इथे. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"मग बघायला परवानगी आहे का?" इतक्या गरीब चेहऱ्यानं विचारलं, की माझी बोटं कीबोर्डवर भलतीच अक्षरं दाबत सुटली.

तेवढ्यात फोन वाजला. एक आजोबा घाबरेघुबरे. "अहो बाई, माझी बायको न्हाणीघरात अडकलीय. आतून कडी आहे. उघडतच नाही!"

मी पत्ता विचारला, तो त्यांच्याकडून परत म्हणून घेतला. "आजी बोलतायत का? आवाज येतोय का त्यांचा?"

पाठीमागून खणखणीत आवाज आला. "अडकले बिडकले काही नाही! रुसून बसलेय मी!"

माझ्या शेजारचा गडी हेडफोन धरून वाकला. खांदे गदगदत होते.

"आजोबा," मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले, "गाडी पाठवू, की तुम्ही दाराशी बसून काय चुकलं ते सांगून बघता?"

"अहो, तिला माहितीय की मला किती... म्हणजे माझं तिच्याशिवाय पान हलत नाही, हे तिला ठाऊक आहे!"

"ठाऊक असून उपयोग काय?" आतून आजी कडाडल्या. "बाई, त्यांना सांगा, आयुष्यात एकदा तरी तोंडानं म्हणून दाखवा!"

थोडी कुजबुज. मग म्हाताऱ्या आवाजात एक वाक्य, जे मी इथे लिहिणार नाही; ते त्या दोघांचं आहे. मग कडी निघाल्याचा आवाज. मी फोन ठेवला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. शेजारी पाहिलं, तर याचं हसू कुठल्या कुठे गेलेलं.

"म्हणजे," तो अगदी हळू म्हणाला, "माहीत असून भागत नाही. म्हणून दाखवावं लागतं."

"वर्षभर मी तुम्हाला दुसरं काय सांगतेय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पडद्याकडे. पडद्यावर काय होतं ते विचारू नका.

संध्याकाळी बाहेर पडलो तर धो धो पाऊस. माझ्याकडे छत्री नाही. खिडकी नसलेल्या माणसाकडे छत्री कुठून असणार! त्यानं आपली छत्री उघडली. एक छत्री, दोन माणसं, आणि अर्धी छत्री तर त्यानं माझ्याच बाजूला कलवलेली. त्याची एक बाही पुरती भिजून गेली.

"भिजताय तुम्ही," मी म्हटलं.

"रस्ता ओला, अडथळा नाही."

"इथे वायरलेस नाहीये. साधं बोला की."

"साधं..." तो थांबला. दिव्याच्या उजेडात पावसाच्या रेघा दिसत होत्या. "साधं बोलायचं तर... मला बरेच दिवस विचारायचं होतं, की..."

आणि माझी बस आली. आली ती आली, मेली रिकामी आली, दार उघडून उभी राहिली, आणि ड्रायव्हर म्हणाला, "चढताय की नाही?" जगातल्या सगळ्या बस उशिरा येतात, ही तेवढी वेळेवर!

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर कायम एक करड्या रंगाची शाल असते, खोलीतल्या एसीसाठी. ती सारखी करत त्या म्हणाल्या, "आपला एक नियम आहे. आठवतो? घरचं माणूस आपल्या चॅनेलवर नको."

"बाई, काहीतरीच! माझं कोण घरचं आहे चॅनेलवर?"

"मी काही विचारलं का? नुसता नियम सांगितला."

"मग मला कशाला..."

"काल बसस्टॉपवर छत्री फार वाकडी दिसली, म्हणून." त्यांनी चष्मा काढला. "ऐक पोरी. आपण माणसं आगीत पाठवतो. जवळची गाडी कुठली, एवढंच बघायचं असतं. तिच्यात कोण बसलंय हे ज्या दिवशी दिसायला लागतं, त्या दिवशी ती खुर्ची सोडायची. त्यात वाईट काही नाही. पण वेळेवर सोडायची."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, कशात काय नि फाटक्यात पाय! त्यानं अजून धड विचारलेलंही नाही, आणि ह्या मला घर मांडून देतायत. शिवाय ती खुर्ची सोडायची म्हणजे माझी उत्तर सोडायची. कष्टानं मिळवलेली. आणि तो आवाज सोडायचा. ऊन, धुकं, पिवळी फुलं... सगळंच. छे! मी काही सांगणार नव्हते कुणाला.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी दुपारी रंगाच्या गोदामाला आग लागली.

पुढच्या रांगेतून माहिती माझ्या पडद्यावर आली. गोदामात रंगाचे डबेच डबे, दोन कामगार आत असण्याची शक्यता. सगळ्यात जवळची गाडी पडद्यावर आपोआप हिरवी होते. सात. मला फक्त बटण दाबायचं होतं आणि बोलायचं होतं. हजारदा केलेलं काम.

बोट बटणावर होतं. ते खाली जाईना.

मला गाडी दिसलीच नाही. मला दिसला वाकड्या छत्रीखालचा भिजलेला हात. किती वेळ गेला? दोन श्वास, फार तर तीन. तेवढ्यात शेजारणीनं माझ्यावरून हात घातला, बटण दाबलं आणि स्वच्छ आवाजात निरोप दिला.

"सात नंबर," उत्तर आलं. त्यानं पत्ता म्हणून दाखवला, गोदाम, दोन माणसं, सगळं. आणि मग, "कंट्रोल बदललं का? कंट्रोल ठीक आहे ना?"

शेजारीण म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही तुमचं बघा."

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. मी बाकीच्या गाड्या हलवल्या, पाण्याचा टँकर पाठवला, ॲम्ब्युलन्स उभी केली. हात काम करत होते. शेवटी कानात खरखर झाली. "सात नंबर. दोन्ही कामगार बाहेर. आमचे सगळे बाहेर. सगळे ठीक." जीव भांड्यात पडला. शेजारणीच्या हातात हेडफोन दिला, वॉशरूममध्ये गेले, नळ मोठा सोडला आणि हुंदके देऊन रडले.

कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझं त्याच्यावर प्रेम होतं. आणि त्याच प्रेमापायी, आत माणसं असताना, माझं बोट अडलं होतं. आज शेजारीण होती. उद्या नसली तर?

तोंड धुऊन मी सरळ मोठ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिले. "बाई, मला दक्षिणेचं चॅनेल द्या."

"कारण?"

"तेच हो... तुम्ही म्हणाला होतात ते."

"तोंडानं म्हण."

"आज नाही म्हणता येणार," मी म्हटलं, आणि पुन्हा डोळे वाहायला लागले. बाईंनी आपली शाल माझ्या खांद्यांवर टाकली. "सोमवारपासून दक्षिण. तोवर पुढच्या रांगेत बस. फोन घे."

त्याचा फोन आला होता त्या संध्याकाळी. मी उचलला नाही. हे काय फोनवर सांगायचं असतं? सोमवारी काम संपलं की त्याच्या केंद्रावर जायचं, समोर उभं राहायचं आणि सांगायचं, असं मी पक्कं ठरवलं. कलिंगडही घेऊन ठेवलं. आई म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, "अडकले तर सोबत असू दे."

सोमवारी दक्षिणेच्या खुर्चीत बसले. दक्षिण म्हणजे नदीकाठची गावं. गायी चिखलात रुततात, मुलं झाडावर अडकतात, बाकी सामसूम. कान कसे सुनेसुने. पलीकडे उत्तरेच्या चॅनेलवर शेजारीण बसली होती आणि माझ्याकडे बघून उगीचच अंगठा दाखवत होती.

माझ्या कानात खरखर झाली.

"दक्षिण कंट्रोल, बारा नंबर. गाडीवर आजपासून नवीन प्रमुख. कामावर हजर. रस्ता कोरडा, अडथळा नाही."

मी ताडकन उभी राहिले. खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आपटली. हा आवाज!

"बारा नंबर... तुम्ही... तुम्ही तिथे काय करताय?"

"कंट्रोल? तुम्ही उत्तरेला असायला हवं!"

"तुम्ही उत्तरेला असायला हवं!"

"मी बदली मागून घेतली," तो म्हणाला. आवाज अडखळत होता. "त्या दिवशी निरोप दुसऱ्या कुणी दिला, तेव्हाच ओळखलं मी. तुम्हाला तुमची खुर्ची सोडावी लागू नये म्हणून... शिडीकाका म्हणाले फोनवर सांग. म्हटलं, समोर जाऊन सांगू..."

"मी पण बदली मागून घेतली! तुमच्यासाठी!"

अख्खी खोली वळून बघत होती. दक्षिणेच्या सगळ्या गाड्या ऐकत होत्या. मोठ्या बाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"धन्य आहात!" त्या म्हणाल्या. "गाड्यांच्या बदल्या अग्निशमनवाले करतात, खुर्च्यांच्या मी. पण तुमच्या दोघांत काही बोलायची पद्धत आहे की नाही? एक उत्तरेला, एक दक्षिणेला, कोण कुठे ते आता तरी विचारून ठरवा. आणि नियम म्हणजे नियम. चॅनेल सोड."

त्यांनी स्वतः दुसरा हेडफोन कानाला लावला. आता ड्युटी चालू असताना चॅनेल सोडायचं, तर त्याचं कारण वायरलेसवर मोठ्यानं सांगावं लागतं. गाड्यांना कळायला हवं, आवाज का बदलला. आम्ही सांगतो: जेवण. घसा बसला. चक्कर आली.

मी बटण दाबलं. या वेळी बोट अडलं नाही.

"सर्व गाड्यांना, दक्षिण कंट्रोल. चॅनेल सोपवते आहे." बटण आणखी घट्ट दाबून धरलं. "कारण... घरचं माणूस."

पुढच्या रांगेत एका मुलीनं हात तोंडावर घेतला होता. कानात नुसती खरखर, खरखर... आणि मी मनात म्हणत होते, अरे बोल ना. ‘हो हो’ म्हणालास तर बघ!

"बारा नंबर," त्याचा आवाज आला. अगदी सावकाश, एकेक शब्द. "परत म्हणून दाखवतो. दक्षिण कंट्रोल चॅनेल सोपवत आहे. कारण... घरचं माणूस." मग थांबला. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

आणि मग टक्‌टक्‌. गाडीवाल्यांना बोलायचं नसलं आणि नुसतं ऐकलं म्हणायचं असलं, की ते माइकचं बटण दोनदा दाबतात. एका गाडीनं दाबलं. मग दुसरीनं. मग सगळ्या दक्षिणेकडून टक्‌टक्‌, टक्‌टक्‌, थांबेचना. मोठ्या बाईंनी चार-पाच वेळा दटावलं आणि शेवटी स्वतःच दोनदा बटण दाबलं.

"बारा नंबर," त्या कडक आवाजात म्हणाल्या, "रस्त्याची स्थिती कळवा."

"रस्ता..." त्याचा आवाज गेला होता. "रस्ता ओला. अडथळा नाही."

काम संपल्यावर मी कलिंगड घेऊन बाहेर पडले. दाराशी तो उभा. केस एका बाजूला उभे. हातात बंद छत्री. आणि बाहेर लख्ख ऊन! पावसाचा टिपूस नाही, रस्ता दुपारपासून तापलेला.

"रस्ता तर खडखडीत कोरडा आहे," मी म्हटलं. "वायरलेसवरून खोटं सांगितलंत?"

"खोटं नाही. मला तेव्हा ओलाच दिसत होता," तो म्हणाला आणि डोळे पुसल्यासारखं करून भलतीकडेच बघायला लागला.

मी कलिंगड त्याच्या हातात दिलं, म्हणजे त्याला पळून जाता येऊ नये. "त्या दिवशी बस यायच्या आधी काय विचारायचं होतं तुला?"

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाले. त्यानं ते ऐकलं. कानापर्यंत लाल झाला.

"आता काय विचारायचं? तुला माहीतच आहे की."

"माहीत असून भागत नाही," मी म्हटलं.

तो हसला. कलिंगड कडेवर सरकवलं, एक हात मोकळा केला, त्या हातानं माझा हात धरला, आणि मग त्यानं ते म्हणून दाखवलं. एकदा नाही, दोनदा. मी दोन्ही वेळा परत म्हणून दाखवलं, आणि मग आम्ही आईकडे जेवायला गेलो. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानंच.